पानाचा वेष आणि वाचकाचा हक्क



कामगार चळवळीत केस पिकलेल्या माणसाने संगणकाच्या पडद्यावरील अक्षरांचा इतिहास सांगावयास उभे राहावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते सार्वजनिक वाचनालयांत, गेटसभांत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहताना झाले. या विषयाकडेही आम्हांस कोणा पंडिताने नेले नाही. एका पेन्शनरने नेले.

आमच्या संघटनेचे एक जुने सभासद धुळे जिल्ह्यातील एका सूतगिरणीतून निवृत्त झालेले. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे व्हावयाचे. एके वर्षी त्यांचे पेन्शन बंद पडले आणि पाच महिने बंदच राहिले. कारण विचारले तेव्हा कळले की हयातीचा दाखला नोंदला गेला नव्हता, आणि तशी सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्यांच्या नावापुढे पहिल्या महिन्यापासून होती. होती खरी, पण पांढऱ्या पानावर फिक्या राखी रंगाच्या बारीक अक्षरांत, कोपऱ्यात. त्यांच्या मुलाने ते पान तीनदा उघडले होते. त्यालाही ती दिसली नव्हती. कार्यालयाचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. तेथील लोक वाईट नव्हते; त्यांच्या हिशेबी त्यांनी सूचना दिली होती.

आम्हांस त्या वेळी कारखान्याच्या फाटकावरील फळा आठवला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १०८ व्या कलमात असे म्हटले होते की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांस समजेल अशा भाषेत, मुख्य दाराजवळ ठळक जागी लावावी, आणि ती स्वच्छ व वाचता येईल अशा स्थितीत ठेवावी. या एका वाक्याच्या जोरावर आम्ही तरुणपणी किती फळ्यांच्या काचा पुसवून घेतल्या असतील त्याची गणती नाही! परंतु पडद्यावरच्या फळ्याची काच कोणी पुसावयाची?

आमच्या कचेरीत हिशेब लिहिणारा एक मुलगा आहे. तो म्हणाला, "काका, पान त्यांचं असलं तरी पडदा आपला आहे." त्याने पाच-सात ओळी लिहिल्या आणि तेच पान पुन्हा उघडले. राखी अक्षरे काळी झाली, आकार दीडपट झाला, दोन ओळींत अंतर पडले, आणि कडेची नाचरी जाहिरात नाहीशी झाली. कार्यालयाच्या मूळ पानाला धक्का लागला नव्हता. शेजारच्या संगणकावर ते पूर्वीसारखेच फिके दिसत होते. बदलला होता तो फक्त आमच्या पडद्यावरील वेष. हे कोणत्या नियमाने होते, आणि तो नियम कोणी केला, याचा शोध आम्ही त्या दिवसापासून सुरू केला.

शोधाची सुरुवात आम्ही धुळ्यातूनच करतो, कारण पानाचा वेष वाचकाच्या हाती असणे ही गोष्ट नवी नाही. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी आयुष्यभर फिरून जमविलेल्या पोथ्या आहेत. १९२६ च्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात वारले, आणि पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात त्यांच्या दप्तरांचे रुमाल आहेत. हे रुमाल आणि पोथ्या ज्या काळातील, त्या काळात ग्रंथ विकत मिळत नसे. तो नकलून घ्यावा लागे. नकलणारा तो स्वतःसाठी नकलीत असे, किंवा ज्याच्यासाठी नकलावयाचा त्याला विचारून. म्हाताऱ्या वाचकासाठी अक्षर मोठे. प्रवासात कमरेला बांधावयाची असेल तर पोथी लहान, अक्षर बारीक. ओवीचा आकडा हिंगुळाने तांबडा करावा की नाही, समास किती सोडावा, हे नकलणाराच्या मर्जीवर. ग्रंथ समर्थांचा, पण पानाचा वेष वाचकाचा. ओवी बदलली तर पाप लागे, अक्षराचे वळण बदलले तर लागत नसे. हा भेद आमच्या पूर्वजांना पुरता ठाऊक होता.

मग छापखाना आला. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर पंचांग छापले; पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरचे खिळे देशभर नावाजले गेले. छापखान्याने ग्रंथ स्वस्त केला, गरिबाच्या घरी नेला. आमच्यासारख्या माणसाला दोन अक्षरे आली ती छापखान्यामुळेच, म्हणून त्याच्याविरुद्ध आम्ही ब्रही काढणार नाही. तरीपण व्यवहार असा झाला की हजार प्रतींना एकच वेष मिळाला, आणि तो ठरविला मालकाने व जुळाऱ्याने. ज्याचे डोळे अधू त्याने भिंग घ्यावे.

याच खानदेशातील आणखी एक दाखला देण्याचा मोह आवरत नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता उतरून घेतली. त्या शब्दांना तेव्हा कोणताच वेष नव्हता. होता तो आवाज. पुढे तेच शब्द कितीतरी भाषांत, लिप्यांत, लहानमोठ्या आकारांत छापले गेले. मजकूर निराळा आणि त्याचे दिसणे निराळे, हे ज्याला पटवून घ्यावयाचे असेल त्याने 'गीता प्रवचने' या पुस्तकाच्या चार आवृत्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

आता आपण जिनीव्हाकडे जाऊ. तेथे सर्न नावाची अणुशास्त्राची मोठी प्रयोगशाळा आहे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाने १९८९ ते १९९१ या काळात वेबची कल्पना तेथेच मांडली आणि चालवून दाखविली. तिचे गमक असे की पान पाठविणाऱ्याने फक्त मजकूर पाठवावा, आणि हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी एवढे सांगावे. मथळा किती मोठा दिसावा हे ज्याच्यापुढे यंत्र आहे त्याकडचे काम. म्हणजे पुन्हा पोथीचाच न्याय! परंतु वेबवर वर्तमानपत्रे आली, दुकाने आली, आणि त्यांना आपापली सजावट हवी झाली. कोणी अक्षरांची चित्रेच काढून पाठवू लागले. तसे केले की वाचकाच्या हाती काही उरत नसे.

या ओढाताणीत १० ऑक्टोबर १९९४ रोजी हाकोन विउम ली या नॉर्वेजियन तरुणाने, तोही तेव्हा सर्नमध्येच होता, एक मसुदा प्रसिद्ध केला. मजकुरापासून वेष निराळा लिहावा, त्याचे स्वतंत्र शैलीपत्रक असावे, आणि एकाच पानाला अनेकांची शैलीपत्रके लागू व्हावीत, असे त्यात होते. लेखक आपले पत्रक पाठवील, वाचक आपले ठेवील. दोघांचे जमले नाही तर? येथे त्या मसुद्यात जे होते ते वाचून आम्ही खुर्चीतून उठलो. प्रत्येक मागणीपुढे टक्के लिहावयाचे! मथळ्याच्या आकारावर माझा हक्क ४० टक्के; उरलेला दुसऱ्याचा. वाटाघाटीच्या टेबलावर ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांना ही भाषा परकी वाटणार नाही.

टक्क्यांची योजना पुढे टिकली नाही. हिशेब फार किचकट होई. बर्ट बॉस हे डच गृहस्थ ली यांना मिळाले, आणि दोघांनी मिळून जे घडविले त्याला सीएसएस म्हणतात. यातले पहिले अक्षर 'कॅस्केड' या शब्दाचे, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारे पाणी. आमच्या पांझरेवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्यातले पाणी पाटाने फडाफडांत उतरते, आणि कोणाची पाळी आधी हे ठरलेले असते. तसेच येथे वेषाचे नियम ब्राउझरकडून, वाचकाकडून आणि लेखकाकडून उतरत येतात, आणि कोणाचा नियम शेवटी लागू व्हावा याचा क्रम ठरलेला असतो. भांडण होते ते या क्रमावरच.

१७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली. तीत असे ठरले की एरवी लेखकाचे चालावे. परंतु एखाद्या नियमापुढे 'इम्पॉर्टंट' म्हणजे महत्त्वाचे असा शिक्का मारला, तर त्याचे वजन वाढावे. हा शिक्का दोघांनाही दिला होता. मात्र दोघांनी एकाच गोष्टीवर मारला तर जिंकणार लेखक. वाचकाला हक्क दिला आणि त्याच कलमाच्या शेपटीत काढून घेतला, असे करार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

पण या मंडळींनी चूक सुधारली. १२ मे १९९८ रोजी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत क्रम उलटविण्यात आला. दोघांनी शिक्का मारला तर वाचकाचा नियम वरचढ ठरेल, असे स्पष्ट लिहिले गेले. ज्याला मोठे अक्षर लागते, ज्याला ठरावीक रंग दिसत नाहीत, त्याची अडचण सजावटीपेक्षा मोठी आहे, हा विचार त्यामागे होता. हे कलम आजही तसेच आहे. पडद्यावर शेवटचा शब्द वाचकाचा, हे कागदोपत्री १९९८ सालीच मान्य झाले. त्यासाठी ना संप झाला, ना मोर्चा निघाला, याचे आम्हांस आजही नवल वाटते. कदाचित म्हणूनच ते कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

येथे श्रोत्यांपैकी कोणी विचारील, हा हक्क १९९८ सालच्या मराठी वाचकाला मिळाला काय? मुळीच नाही. त्याचे कारण सांगावयाचे तर थोडे थांबावे लागेल.

त्या काळी मराठी मजकूर संगणकात मराठी म्हणून साठविलाच जात नसे. प्रत्येक वृत्तपत्राचा, प्रत्येक कंपनीचा फाँट निराळा. इंग्रजी 'के' या अक्षराच्या जागी कोणी क बसविलेला, कोणी काना. यंत्राच्या लेखी तो मजकूर म्हणजे इंग्रजी चिन्हांची रास. त्या विशिष्ट फाँटचा अंगरखा घातला तरच ती मराठी दिसे. जळगावात सायबर कॅफे नवे होते तेव्हा आम्ही तासाचे पैसे मोजून बातम्या वाचावयास जात असू. फाँट उतरविण्यातच अर्धा तास जाई, आणि एकाचा फाँट दुसऱ्याच्या पानाला लावला की सगळीकडे डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हे. मजकूर आणि वेष एकमेकांना शिवून टाकलेले! असल्या पानाचा वेष वाचक बदलणार तरी कसा? बदलला की मजकूरच नाहीसा होई.

ही शिवण उसवली ती युनिकोडने. त्यात देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच जागा होती. क हा क म्हणूनच साठवावयाचा, मग फाँट कोणताही असो. पण नियम कागदावर असणे आणि यंत्रात उतरणे यांत बरीच वर्षे गेली. विंडोज २००० बरोबर मंगल हा फाँट आला. तो घडविला मराठी कवी व सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीतही भारतीय लिप्यांची सोय सुरू करावयास तबकडी घालावी लागे, आणि कॅफेवाल्यास ती तबकडी कोठे ठेवली हे कधीच आठवत नसे.

युनिकोड रुळला, आणि मराठी वाचकास प्रथमच वेष बदलण्याची मुभा मिळाली. ती मिळताच एक जुने दुखणे वर आले. मुंबईच्या छापखान्यांत घडलेल्या देवनागरीचे वळण आणि उत्तरेचे वळण पूर्वीपासून वेगळे. अ, झ, ण यांची मुंबईची रूपे हिंदीनेही उचलली. पण ल आणि श यांचे जमले नाही. आपण शाळेत पाटीवर गिरविला तो पाकळीचा ल आणि देठाचा श. पडद्यावर पुष्कळदा दिसतात ती हिंदीची रूपे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्र शासनाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपे प्रमाण ठरविली. परंतु युनिकोडमध्ये दोन्ही ल एकच आहेत. फरक आहे तो वेषाचा. तो फाँटवर आणि पान कोणत्या भाषेचे म्हणून घोषित केले आहे त्यावर अवलंबून राहतो. पान करणाऱ्याने 'हे मराठी आहे' एवढी खूण जरी घातली, तरी चांगला फाँट आपोआप मराठी ल काढतो. बहुतेकांना ती खूण घालण्याचे सुचत नाही. अशा वेळी वाचकाने आपल्या शैलीपत्रकात एकच नियम लिहावा, की मराठी रूपे असलेला फाँट, उदाहरणार्थ लोहित मराठी, सगळीकडे लागू करावा, आणि त्यावर शिक्का मारावा. शासननिर्णयाची अंमलबजावणी नागरिकाने स्वतःच्या पडद्यावर स्वतःच केली, असे याहून सोपे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

ज्यांना हे करून पाहावयाचे आहे त्यांना एक सोपे ठिकाण सांगतो. मराठी विकिपीडियावर खाते काढणाऱ्या प्रत्येक सदस्यास स्वतःच्या नावाखाली 'कॉमन.सीएसएस' असे एक पान करता येते. त्यात लिहिलेले नियम त्या सदस्यास, आणि फक्त त्यालाच, लागू होतात. घरमालकाने भाडेकऱ्यास भिंत रंगविण्याची लेखी परवानगी द्यावी, असा हा प्रकार. फार थोड्या संकेतस्थळांनी तो केला आहे.

आणि आता हक्क कसा हातचा गेला ते. कलम कायम राहिले. ज्या हत्याराने ते वापरावयाचे ते हत्यार काढून घेण्यात आले. जुन्या ऑपेरात लेखकाचा वेष व वाचकाचा वेष यांत अदलाबदल करण्याची सोय होती. ली स्वतः त्या कंपनीत होते. २०१३ साली ऑपेराने आपले जुने यंत्र टाकून दुसऱ्याचे घेतले. २०१४ च्या आरंभी गूगल क्रोमने वाचकाचे शैलीपत्रक वाचणे बंद केले. फायरफॉक्सने २०१९ पासून ती फाईल आपण होऊन वाचणे थांबविले. एक आडबाजूचे बटण शोधून दाबले तरच ती वाचली जाते. सफारीच्या संगणकावरील आवृत्तीत मात्र असे पत्रक निवडण्याची जागा अजून आहे. फारसे कोणी वापरीत नाही, हे असल्या वेळी नेहमीचेच कारण. कँटीनमध्ये कोणी जेवत नाही म्हणून कँटीन बंद करण्याचे प्रस्ताव आम्ही ऐकलेले आहेत. कँटीनची वाट कोठून जाते हे मात्र कोणी कामगारास सांगितलेले नसते.

ही जागा बाहेरच्या जोडण्यांनी भरून काढली. त्यांतली स्टायलिश नावाची जोडणी जेसन बार्नबी यांनी २००५ साली केली. लोक एकमेकांना आपली पत्रके फुकट देऊ लागले, आणि मोठा साठा झाला. पुढे तिची मालकी बदलली, आणि २०१७ मध्ये ती लोकांच्या वेबवरील वावराचा हिशेब विकणाऱ्या सिमिलरवेब या कंपनीकडे असल्याचे जाहीर झाले. २०१८ च्या जुलैत उघडकीस आले की वापरणारा कोणकोणती पाने उघडतो, याची नोंद ही जोडणी बाहेर पाठवीत होती. गूगल व मोझिला या दोघांनी ती तेव्हा आपल्या भांडारातून काढली. नंतर ती परत आली. मधल्या काळात काही स्वयंसेवकांनी तिच्याच जुन्या, स्वच्छ प्रतीवरून स्टायलस नावाची दुसरी जोडणी उभी केली. आमचा मुलगा तीच वापरतो. दलाल मध्ये आला की काय होते हे आमच्या कापूसबाजाराला शिकवावयास नको, म्हणून यावर अधिक बोलत नाही.

पान रचणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तोही कामगारच आहे. त्याने रंग जुळविलेले असतात, अंतरे मोजलेली असतात. वाचकाने वाटेल ते बदलले तर मांडणी फाटते, आणि तक्रार त्याच्याकडे जाते. यावर २०१८ च्या जूनमध्ये सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत एक मधला मार्ग घातला गेला. वाचकाने ओळींतील अंतर अक्षराच्या दीडपट केले, परिच्छेदांतील दुप्पट केले, तरी पानावरचे काही झाकले जाता कामा नये, एवढी जबाबदारी रचणाऱ्याची. आम्हांस हा तोडगा न्याय्य वाटतो. त्याच निकषात अक्षरांमधील अंतर वाढविण्याचीही तरतूद आहे, पण मराठीसाठी ते करू नये. शिरोरेषा तुटण्याचा संभव असतो. आपल्या लिपीला अंतर हवे ते वरखाली, कारण वर रफार व मात्रा आणि खाली उकार यांची एकमेकांशी टक्कर होते.

आणि काही ठिकाणी हा सारा उपाय पांगळा पडतो. वेतनकराराची प्रत फोटो काढून फोनवर पाठविली, परिपत्रकाचे नुसते चित्र चढविले, की त्यात मजकूर उरतच नाही. शैलीपत्रक रंगविणार कोणाला? सायबर कॅफेतील शिवण पुन्हा घातली गेली, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या संघटनेतही ही सवय आहे. ती मोडावी म्हणून आम्ही दोन वर्षे भांडत आहोत, आणि अजून हरतच आहोत.

त्या पेन्शनरांचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. दाखला नोंदला गेला, थकलेले पैसे मिळाले. त्यांच्या घरच्या संगणकावर आम्ही नऊ नियमांची फाईल ठेवून दिली होती. आठ महिन्यांनी त्या संकेतस्थळाने रातोरात नवी रचना केली. ज्या नावांवरून आमचे नियम त्या सूचनेला ओळखीत होते ती नावेच बदलली, आणि सूचना पुन्हा फिकी झाली. काळ्या अक्षरांचा आणि मोठ्या आकाराचा नियम सर्व पानांसाठी लिहिलेला होता, तो टिकला. बाकीच्या सातांपैकी चार त्या मुलाने पुन्हा लिहिले आहेत. तिघांचे काम चालू आहे.